'तेव्हाचा राजवाडा, आताचा राजवाडा': त्या फोटोंच्या जोडीला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच फोटो माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. मावशीने पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मित्रांनी टाकला, आणि परवा रामबागेतल्या काकांनी तर फोनच केला. "बघितलास का तू? काय होतं आपलं इंदूर आणि काय करून ठेवलंय या लोकांनी!"

दोन फोटो शेजारी-शेजारी चिकटवलेले आहेत. डावीकडे काळा-पांढरा राजवाडा, समोर मोकळं मैदान, माणूस औषधालाही नाही. उजवीकडे दिवाळीच्या तोंडावरची संध्याकाळ, चौकात डोक्याला डोकं लागलेलं. खालचा मजकूर थोडक्यात असा: "डावीकडे 1780. अहिल्यादेवी याच राजवाड्यातून राज्य करत होत्या तेव्हाचा चौक. मोकळा, शांत, स्वच्छ. उजवीकडे आज. पावणेतीनशे वर्षं जसाच्या तसा उभा असलेला वाडा. मागचा भाग सिमेंटने बांधून नकली केला, पुढचा चौक बाहेरून आलेल्या ठेलेवाल्यांनी गिळला. फोटो खोटं बोलत नाही. पुढे पाठवा."

काकांचा कळवळा खरा आहे. माझाही त्या चौकावर जीव आहे. खजूरी बाजारात मामांचं घर होतं, त्याच्या गच्चीवरून चौक दिसायचा. आजही त्या घरच्यांच्या परवानगीने मी दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे जातो आणि एक फोटो काढतो. कठड्यावर खडूने केलेली खूण पुसली जायची, म्हणून शेवटी खिळ्याने बारीक चरा पाडून घेतला. अशी एकोणीस वर्षं झाली. म्हणून हा मजकूर मुकाट्याने पुढे ढकलणं मला जमत नाही. एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात "1780" पासून. फोटो काढण्याची पहिली पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली ती 1839 मध्ये. अहिल्यादेवी 1795 मध्ये गेल्या. त्यांच्या काळातला राजवाड्याचा फोटो असूच शकत नाही, जगातल्या कुठल्याच वाड्याचा असू शकत नाही. त्या फोटोची जरा मोठी प्रत मी शोधून काढली. कोपऱ्यात दिव्याचा खांब सरळ दिसतो. फोटो जुना आहे, मोलाचाही आहे, पण त्याच्यावर चिकटवलेलं साल शंभर वर्षांपेक्षा जास्त चुकलेलं आहे.

"याच राजवाड्यातून राज्य करत होत्या" हेही तसंच. अहिल्यादेवींची राजधानी महेश्वर, नर्मदेच्या काठी. कारभार तिथून चालायचा. इंदूर होळकरांची राजधानी झालं ते 1818 मध्ये, महिदपूरच्या लढाईत इंग्रजांकडून हार झाल्यावर आणि मंदसौरचा तह झाल्यावर. आता चौकातल्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा आहे. तो रोज बघून बघून त्या इथूनच राज्य करत होत्या असं मनात बसलं असेल तर नवल नाही. पण महेश्वरचं श्रेय काढून इंदूरला दिलं, तर त्यांनी जे घाट बांधले, जे विणकर वसवले, त्या गावावर अन्याय होतो.

"जसाच्या तसा" या दोन शब्दांवर मात्र थांबायला हवं, कारण आपल्या वाड्याची सगळी गोष्ट या शब्दांनी गिळून टाकली आहे. 1747 ही सुरुवात, पहिल्या मल्हाररावांच्या काळातली. 1801 मध्ये शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे इंदुरात घुसले, शहर लुटलं आणि वाड्याला आग लावली. पुढे 1811 ते 1833 या काळात, म्हणजे यशवंतरावांच्या मुलाच्या, धाकट्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत, वाडा पुन्हा उभा राहिला. होळकरांचे दिवाण तात्या जोग यांनी ते काम हातात घेतलं होतं. लगेच 1834 मध्ये पुन्हा आग, वरचा मजला गेला. आणि 1984 ची आग तर आपल्यातल्या कितीतरी जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे. दंगलीत मागचा सगळा भाग जळाला, उरला तो दर्शनी भाग.

सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. आग लागली की वरचं जायचं, खालचं राहायचं, आणि पुढची पिढी राहिलेल्यावर पुन्हा चढवायची. डावीकडच्या त्या फोटोत दिसणारा वाडासुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा वाडा आहे. फोटोग्राफी भारतात येण्याआधीच तो दोनदा जळून झाला होता. म्हणजे "मूळ" वाड्याचा एकही फोटो नाही आणि कधी नव्हता.

इथेच मागच्या भागाचं बघून घेऊ. "सिमेंटने बांधून नकली केला" हे कुणी लिहिलं असेल त्याने एकदा तिकीट काढून आत जाऊन भिंतीला हात लावावा. 2006 मध्ये होळकर घराण्यातल्या उषाराजे होळकरांनी मागच्या भागाचं काम सुरू केलं आणि 2007 मध्ये ते पुरं झालं. ते काम वीट, चुना आणि लाकूड यांत, जुन्या धाटणीनेच केलेलं आहे. नवं आहे, हे खरं. पण 1811 नंतरचं कामही त्या वेळी नवंच होतं. त्याला आपण आज नकली म्हणत नाही.

आता "मोकळा, शांत" चौक. लोकांच्या मनाला लागतो तो हाच भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंदूरचा आणि फोटोग्राफीचा संबंध जुना आहे. देशभर नाव झालेले लाला दीनदयाळ रुडकीला शिकून 1866 मध्ये नोकरीला आले ते इंदुरात, बांधकाम खात्यात. 1874 च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला. इंग्रज सरकारचे इथले एजंट हेन्री डॅली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना हात दिला. हा डावीकडचा फोटो कुणी काढला ते त्यावर लिहिलेलं नाही, आणि मी उगाच मोठं नाव चिकटवणार नाही. पण त्या पिढीची काम करायची रीत समजून घेतली की रिकामा चौक समजतो.

तेव्हा काचेवर कलोडियन या चिकट द्रावणाचा ओला थर द्यायचा, तो चांदीच्या द्रावणात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि सुकायच्या आत धुवायचा. त्यासाठी शेजारीच काळा तंबू ठोकावा लागे. भिंगाचं झाकण काढलं की काही सेकंद उघडं ठेवायचं. त्या काही सेकंदांत जे हललं नाही, तेच काचेवर उतरायचं. वाडा हलत नाही. चालणारा माणूस उतरत नाही, किंवा उतरला तरी धुरासारखा. इमारतीचा फोटो घ्यायचा तर सकाळी लवकर, रस्त्याला जाग यायच्या आत घ्यायचा, हेही ओघानेच आलं.

मोठ्या प्रतीत मी वाड्याच्या दरवाज्याजवळचा भाग ताणून पाहिला. तिथे एक बैलगाडी उभी आहे. चाकाचे आरे मोजता येतात इतके स्पष्ट. बैलाला मात्र दोन तोंडं आहेत, कारण मधेच त्याने मान वळवली. गाडीच्या मागे जमिनीपासून हातभर उंचीवर चार-पाच फिकट डाग, आणि त्यांतल्या एकाखाली दोन पाय, अगदी नीट. तो माणूस पाय रोवून उभा असणार आणि वरून हलत-बोलत असणार. त्या "रिकाम्या" चौकात माणसं होती. काचेने ती धरली नाहीत.

आणि चौक रिकामा असेलच कसा? वाड्याच्या एका अंगाला सराफा, दुसऱ्या अंगाला खजूरी बाजार, जवळच बोहरा बाजार, बर्तन बाजार. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू आणि कापूस यांच्या उलाढालीवर हे शहर मोठं झालं. तो पैसा याच गल्ल्यांतून फिरला. वाडा बाजाराच्या मधोमध आहे, त्यात नंतर बिघडलेलं असं काही नाही. तो तसाच बांधलेला आहे.

"स्वच्छ" म्हणाल तर 1917 चं इंदूर आठवावं. प्लेगने लोक हैराण झाले होते. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला दरबाराने बोलावलं. त्यांनी जुन्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या आणि दिवाळीला एक मिरवणूक काढली. ज्या रस्त्यावरचे लोक घरं झाडून-सारवून, दुरुस्त करून ठेवतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. प्लेगच्या उंदराचं सोंग होतं, आणि झाडूवाले नव्या झाडूंसह मानाने चालत होते. शहर आधीच लख्ख असतं तर हा सगळा खटाटोप कशाला करावा लागला असता? 1918 मध्ये त्यांनी दरबाराला जो अहवाल दिला, त्यात जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जिथे दुखतंय तिथेच नेमकी शस्त्रक्रिया करा, असं त्यांनी बजावलं होतं. आजच्या स्वच्छतेबद्दल आपण कुरकुरतो, पण 2017 पासून देशात पहिला नंबर मिळवणाऱ्या शहराच्या सफाई कामगारांना हा मजकूर एका ओळीत खोडून काढतो, याचं मला फार वाईट वाटतं. पहाटे चारला गच्चीवर उभा राहून मी त्यांना चौक झाडताना पाहिलेलं आहे.

उजवीकडच्या फोटोत खोटं काहीच नाही, पण तो दुरून, मोठ्या झूमने काढला आहे. दुरून काढलं की पुढचं-मागचं एकावर एक चिकटतं, आणि झूम केलं की आजूबाजूची मोकळी जागा चौकटीबाहेर जाते. मी मुद्दाम करून पाहिलं. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, त्याच गच्चीवरून, दोन मिनिटांच्या अंतराने मोबाइलवर दोन फोटो काढले. एक साधा, एक पाचपट झूम करून. साध्या फोटोत बागेच्या कुंपणालगत एक बाई पोराला कडेवर घेऊन निवांत चाललेली दिसते, तिच्या चहूबाजूंनी जागा आहे. झूममध्ये ती जागा चौकटीबाहेर जाते आणि तीच बाई गर्दीत चेंगरल्यासारखी दिसते. शिवाय पहाटेच्या रिकाम्या फोटोशेजारी वर्षातली सगळ्यात गर्दीची संध्याकाळ लावली की कुठलंही गाव बिघडलेलंच दिसेल. याच राजवाड्याचा माझा रविवारचा सकाळी साडेसहाचा फोटो त्या जोडीत लावून बघा. दोन सायकली, एक दूधवाला आणि कबुतरं.

ग्रुपवर याच फोटोची रंगीत आवृत्तीही फिरते, यंत्राने रंगवलेली. तिच्यात मजले मोजा. सहाच भरतात. यंत्राने एक मजला खाल्ला आणि दोन नव्या कमानी मनाने घातल्या. ती कुठेही छापायला देऊ नका.

"बाहेरून आलेले" हा शब्द वाचून मला सर्वात जास्त त्रास झाला. आपण मराठी माणसं इथे कुठून आलो? होळकरांच्या लष्कराबरोबर, कारकुनीबरोबर, भिक्षुकीबरोबर दख्खनेतून आलो. सराफ्यातली कितीतरी घरं मारवाडातून आली, बोहरी गुजरातेतून. याच सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं चालतात, आणि रात्री शटर खाली आलं की त्याच ओटल्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू म्हणजे तळलेला कंद, जलेब्या येतात. एकच ओटला दोघांची चूल पेटवतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण हौसेने तिथेच घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी हा मजकूर पुढे पाठवतो.

चौकाला अडचणीच नाहीत, असं मी म्हणत नाही. सणाच्या दिवसांत त्या गल्ल्यांत आगीचा बंब शिरायला वाट नसते, आणि तीनदा जळालेल्या लाकडी वाड्याच्या शेजारी ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. दर्शनी भागावर लोंबणाऱ्या तारा, ओटल्यांवर बाहेर आलेली पक्की दुकानं, वाटेल तिथे लावलेल्या गाड्या, हे सगळं माझ्या एकोणीस फोटोंत वर्षागणिक दिसतं. काही वर्षी वाढलेलं, काही वर्षी कमी झालेलं. यावर बोलायचं तर महानगरपालिकेसमोर तारीख-वार फोटो ठेवून बोलता येतं. 1780 चा खोटा शिक्का मारलेल्या फोटोवर कुठला अधिकारी विश्वास ठेवील?

राहिलं "फोटो खोटं बोलत नाही". कधी काढला, कुठे उभं राहून काढला, कुणी काढला, हे माहीत असेल तर फोटोसारखा साक्षीदार नाही. माझ्या प्रत्येक फोटोच्या मागे मी पेन्सिलीने तारीख, वेळ आणि कठड्यावरची खूण लिहितो. शाईने लिहिलं तर ती पुढे फुटते.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते गप्प झाले. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन, "घरी ये." गेलो तर पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर काढलेली होती. लग्नाच्या अल्बमखालून त्यांनी एक फोटो काढला. स्कूटरवर बसलेले काका, डोक्यावर भरपूर केस, मागे काकू, आणि त्यांच्या मागे राजवाड्याची मागची बाजू. लाकडी खिडक्यांची ओळ, एका खिडकीचं दार अर्धं निखळलेलं. मागे काकूंच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: "भाऊबीज 1983, राजवाड्याच्या मागे." त्यानंतर वर्षभरातच तो भाग जळाला.

"याचा काही उपयोग आहे का रे?" काकांनी विचारलं.

मी फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात सपाट ठेवला आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतले. मग आम्ही दोघांनी भिंग घेऊन खिडक्या मोजल्या.