नैनीताल बॅरननं ‘शोधलं’ म्हणे!

उन्हाळी सहली ठरू लागल्या की हा मजकूर व्हॉट्सअॅपवर हमखास येतो: ‘१८४१ साली बॅरन नावाचा साखरेचा इंग्रज व्यापारी शिकारीला आला, वाट चुकला आणि कुणालाच ठाऊक नसलेलं नैनीताल त्याला सापडलं. ओसाड, बेवारस जागी त्यानं गाव वसवलं. देवीची जागा बाटली म्हणून १८८० साली डोंगर कोसळला.’

वाट चुकला? हे खुद्द बॅरनलाच पटलं नसतं. तो तळं शोधतच निघाला होता आणि स्थानिक वाटाड्या ‘मला ठाऊक नाही’ म्हणून त्याला भलतीकडे फिरवत होता. मग त्या वाटाड्याच्या डोक्यावर मोठा धोंडा ठेवला गेला: नैनीतालला दगड मिळत नाहीत, हा तिथवर पोचवायचा! ओझ्याखाली थोडं चालल्यावर गड्याला वाट आठवली. हा किस्सा बॅरनच्याच लिखाणातला. म्हणजे तळ्याचं नाव आणि वाट दोन्ही लोकांना पाठ होतं. परक्याला सांगायचं नव्हतं, एवढंच. आणि पहिला गोरा म्हणाल, तर कुमाऊंचा कमिशनर ट्रेल १८२३ मध्येच इथं येऊन गेला होता. लोकांची श्रद्धा पाहून त्यानं गवगवा केला नाही.

‘ओसाड’ हे अर्धं खरं. बारमाही वस्ती नव्हती. पण नयनादेवीची जत्रा भरायची, आणि स्कंदपुराणातलं अत्री, पुलस्त्य, पुलह यांचं त्रिऋषी सरोवर ते हेच, असं मानतात.

बेवारस तर मुळीच नव्हती. थोकदार, म्हणजे आसपासच्या गावांचा मुखिया, नरसिंग जमिनीवर हक्क सांगत होता. बॅरननं डोंगरावर होडी चढवून आणली, नरसिंगला फिरवायला म्हणून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि सांगितलं, हक्क सोडल्याचं या वहीत लिहून दे, नाहीतर बुडवतो. पोहता न येणाऱ्या माणसानं काय करावं? त्यानं सही केली. बॅरननं हेही गंमत म्हणून लिहून ठेवलंय. आपल्याला वाचताना हसू येत नाही. पुढे त्याच नरसिंगला सरकारनं महिना ५ रुपयांवर पटवारी नेमलं.

राहिला देवीचा कोप. १८ सप्टेंबर १८८० च्या आधी जवळपास दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी पहिली दरड आली, लोक ढिगाऱ्यातली माणसं काढायला धावले आणि दुपारी दुसरी, मोठी दरड त्यांच्यावरच आली. १५१ जण गेले, त्यांतले १०८ भारतीय. देवीचं देऊळही त्यातच गेलं; कोप तिचा असता तर तिनं स्वतःचंच घर कशाला गाडलं असतं? पुढे इंग्रजांनी उतारांवरचं पाणी वाहून न्यायला नाले बांधले. तळ्याच्या वरच्या टोकाला, मल्लीतालच्या ज्या फ्लॅट्स मैदानावर आपण भेळ खात उभे राहतो, त्याचा बराचसा भाग त्या दुपारी खाली आलेला डोंगर आहे.