‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (संगणकात न बसवता थेट चालणारं) चालू केल्यावर बाहेरची हार्ड डिस्क का उघडत नाही, या माझ्या लेखावर सिडकोतल्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे: ‘नुसतं पाल्हाळ. एनटीएफएसफिक्स मारा, दोन मिनिटांत उघडते. दुकानवाल्यांनीच बाऊ करून ठेवलाय. केबल तपासायचं शेवटी लिहिलंय, ते आधी हवं. आणि एक्सफॅटचं काय?’

साहेब, केबलचं मान्य. क्रम बदलतो. अडीच इंची डिस्कला यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर बारीक आणि लांब. डिस्क टिकटिक करत असेल तर मागच्या पोर्टला लावा. झालं समाधान?

आता ‘बाऊ’. एम. जी. रोडवर लोकांच्या बंद पडलेल्या डिस्का उघडून देण्यावर माझं घर चालतं. लेख वाचून माणूस घरीच काम करतो, म्हणजे माझं एक गिऱ्हाईक जातं. यात बाऊ करून मला काय मिळणार, हे लिहिण्याआधी क्षणभर विचार केला असतात तर बरं झालं असतं. मतभेद असू द्या, पण हेतूवर शंका घ्यायची ही कुठली पद्धत?

राहिलं तुमचं एनटीएफएसफिक्स, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल-मांडणीच्या डिस्कवर चालवायची लिनक्समधली आज्ञा. ते म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं चेकडिस्क नव्हे. त्याच्या स्वतःच्या माहितीपानावर तसं लिहिलेलं आहे. ते काही ढोबळ विसंगती दुरुस्त करतं, जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) कोरं करतं आणि विंडोजला ‘पुढच्या वेळी तपास’ अशी खूण ठेवतं. जर्नलमध्ये अर्धवट राहिलेल्या नोंदी असतील तर त्या गेल्या. तुमच्या डिस्कवर त्या नसतील म्हणून तुमचं भागलं. पंचवटीतल्या एखाद्या फोटोग्राफरच्या डिस्कवर अख्ख्या लग्नसराईचं काम असतं, तिथे हा जुगार मी खेळणार नाही.

आणि डिस्क रुसते कशामुळे, ते लेखात होतंच. विंडोज ८ पासूनचं फास्ट स्टार्टअप ‘शट डाउन’ म्हटल्यावर खरं बंद होत नाही, कर्नल (प्रणालीचा गाभा) झोपवून ठेवतं. डिस्क तशीच लावलेली राहिली की तिच्यावर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहू शकते. मध्येच वीज गेली तरी तेच. मग लिनक्समधला जुना एनटीएफएस-३जी चालक (ड्रायव्हर) लिहायला नकार देतो आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतो. लिनक्स कर्नल ५.१५ पासूनचा एनटीएफएस३ हा चालक तर लिहिण्यासाठी उघडतच नाही. पडद्यावर ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ असं भलतंच दिसतं, लोक घाबरून फॉरमॅट मारतात. खरं कारण टर्मिनलवर डीमेसेज (कर्नलचे संदेश) पाहिल्यावर कळतं: ‘व्हॉल्यूम इज डर्टी’.

म्हणून क्रम असा. आधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कांची यादी देणारी आज्ञा) चालवून आकार आणि लेबल जुळवा. नुसत्या एसडीए-एसडीबी या लिनक्सने दिलेल्या नावांवर विसंबू नका, जोडण्याच्या क्रमानुसार ही नावं बदलतात, आणि तुमचा लाइव्ह पेन ड्राइव्हच एसडीए असू शकतो. मग ‘आरओ’ पर्याय देऊन डिस्क माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यासाठी जोडा. महत्त्वाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. लाइव्ह सत्राच्या होम फोल्डरमध्ये नको, तो रॅममध्ये असतो. तिथे शंभर जीबी ओतायला गेलात तर मशीन गोठेल. हे झाल्यावर डिस्क विंडोजला लावून चेकडिस्क ‘/एफ’ चालवा आणि शिफ्ट दाबून शट डाउन करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होत असेल तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ने फास्ट स्टार्टअपच बंद करा.

डीमेसेजमध्ये ‘आय/ओ एरर’ दिसली तर मात्र चेकडिस्कसुद्धा नको. डिस्क मरायला टेकलेली असते, तपासणीच्या धावपळीत उरलीसुरली जाते. आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणारं साधन) पूर्ण प्रत काढा, दुरुस्ती त्या प्रतीवर. ‘दोन मिनिटां’चा सल्ला सगळ्यात महाग पडतो तो इथे, आणि तो देणारे नंतर फोन उचलत नाहीत. (तुम्ही उचलत असाल, मी सर्वसाधारण बोलतोय.)

एक्सफॅट या दुसऱ्या फाइल-मांडणीसाठी लिनक्स कर्नल ५.७ पासून चांगला चालक आतच आहे. लाइव्ह लिनक्सची जुनी आयएसओ फाइल फेकून नवी उतरवा, एवढंच. त्यावर वेगळा लेख होणार नाही.

अजूनही तुमचंच खरं वाटत असेल तर तुमची डिस्क लावून डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी इथे चिकटवा. मग बोलू.