काळाच्या चाळणीला फुकटचं श्रेय

आर्ट साँगच्या कुठल्याही अनोळखी संगीतकाराचं नाव काढा, एक ठरावीक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा आशय असा: काळ हा सगळ्यात मोठा परीक्षक. चांगली गाणी टिकली, सुमार होती ती विसरली गेली. खरंच गुणी असते तर त्यांच्याच काळात कुणीतरी ओळखलं असतं. आता नावं उकरून काढणं ही नुसती कणव. एकट्या शूबर्टची, व्हिएन्नाच्या त्या नामांकित संगीतकाराची, सहाशेवर गाणी पडली आहेत, ती आधी ऐका. आणि भाषा कळत नाही, गाणी मिळत नाहीत, मग हा खटाटोप कशाला?

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊ.

आधी काळाची चाळणी. आर्ट साँग म्हणजे एक कविता, एक आवाज आणि एक पियानो. गळ्यातला सूर आणि पियानोचा प्रत्येक स्वर संगीतकारानं कागदावर लिहिलेला. लोकगीत तोंडातोंडी जगतं. इथं कागद गेला की गाणं गेलं. तेव्हा प्रश्न काळाचा नसतो, कागद कुणाच्या हातात पडला याचा असतो.

शूबर्टचंच घ्या. जर्मन कवी गटेच्या ‘एर्लक्योनिग’ या कवितेला त्यानं १८१५मध्ये चाल लावली. हस्तलिखित लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशकाकडे गेलं. त्यांना ते नको होतं. त्यांनी ते परत पाठवलं, पण ड्रेस्डेनच्या दुसऱ्याच फ्रान्झ शूबर्टकडे! हे गृहस्थही संगीतकार. १८१७मध्ये त्यांनी प्रकाशकाला चिडून लिहिलं की असली रचना मी केलेली नाही, माझ्या नावावर ती कुणी खपवली याचा छडा लावतो. पुढे १८२१मध्ये व्हिएन्नातल्या मित्रांनी वर्गणी काढून गाणं छापलं, तेव्हा कुठे ते बाहेर आलं. चाळणीतून पडलेलं गाणं मित्रांनी खालून उचलून पुन्हा वर ठेवलं. ज्यांना असे मित्र नव्हते त्यांचं काय झालं असेल, हा हिशोब चाळणीवाले करत नाहीत.

दुसरा मुद्दा, ‘त्यांच्या काळात कुणी ओळखलं नाही’. ओळखलं होतं की! फक्त नाव दुसऱ्याचं होतं. फॅनी हेन्झेल ही जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची थोरली बहीण. ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला लिहिलं की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र ते दागिनाच राहायला हवं. तिनं अडीचशेच्या आसपास गाणी लिहिली. त्यांतली सहा फेलिक्सच्या ओपस ८ आणि ओपस ९ (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक) या संग्रहांमध्ये त्याच्या नावानं छापली गेली. १८४२मध्ये फेलिक्स बकिंगहॅम राजवाड्यात गेला, तेव्हा राणी व्हिक्टोरियानं त्याच्या संग्रहातलं एक गाणं आवडीनं निवडून गायलं. ते ‘इटालियन’ हे गाणं फॅनीचं होतं. बिचाऱ्याला राणीसमोर तसं कबूल करावं लागलं, आणि ही हकिगत त्यानंच पत्रातून घरी कळवली. फॅनीनं स्वतःच्या नावानं ओपस १ प्रसिद्ध केलं ते १८४६मध्ये, वयाच्या चाळिशीत. मे १८४७मध्ये ती गेली.

क्लारा आणि रॉबर्ट शूमान या संगीतकार जोडप्याचा, रुकर्ट या जर्मन कवीच्या कवितांवरचा १८४१चा गाण्यांचा संग्रहही पाहा. बारा गाणी, त्यांतली तीन क्लाराची. मुखपृष्ठावर दोघांची नावं, पण कुठलं गाणं कोणाचं हे आत छापलेलंच नाही. दर्जा आपोआप कळत असता तर ही गंमत करून काय फायदा होता?

आता कणवेचा आरोप. याच्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण यात थोडं तथ्य आहे. एखाद्याची कहाणी करुण असली म्हणून गाणं चांगलं होत नाही. विसरलेल्या गाण्यांत सामान्य गाण्यांचा ढीग आहे, मी कित्येक अर्ध्यावर बंद केली आहेत. (शूबर्टच्या सहाशेतलीही सगळी काही रत्नं नाहीत, पण ते कुणी बोलत नाही.) म्हणून ज्याच्या आयुष्यात रडण्यासारखं फारसं काही नाही असा माणूस घेऊ. कार्ल लोव्हे, १७९६ ते १८६९. त्यानंही ‘एर्लक्योनिग’ला चाल लावली, शूबर्टनंतर तीनेक वर्षांत, तीही जी मायनर या त्याच स्वरपट्टीत.

दोन्ही लागोपाठ ऐका. बाप आजारी मुलाला घोड्यावर घेऊन रात्री दौडतोय, मुलाला पिशाच्च राजा दिसतो, बापाला दिसत नाही. शूबर्टच्या पियानोत उजवा हात एकाच स्वरावर हातोडीसारखा आदळत राहतो. पियानोवादकाचं मनगट भरून येतं. राजा बोलायला लागला की सूर गोड होतो, स्वरपट्टी बदलते. त्याचा राजा मिठाई दाखवणारा आहे. लोव्हेचा राजा वेगळाच. तो बोलू लागला की पियानो दबक्या आवाजात उतरतो आणि राजाच्या तोंडी जी मेजरच्या त्रिस्वराचे तेवढे तीनच स्वर येतात. तेच तेच, वरखाली, बिगुलासारखे. त्याला भावनाच नाही. धुक्यातून कुणीतरी शीळ घालावी, तसा तो मुलाला हाक मारतो. पहिल्यांदा ऐकताना मला शूबर्टपेक्षा हीच जागा जास्त भिववून गेली. दोन्हींत श्रेष्ठ कोण, हा वाद मी घालणार नाही. पण लोव्हे ऐकल्यावर शूबर्टनं काय निवडलं आणि काय सोडलं ते जास्त स्पष्ट दिसतं. यात कणव कुठे आली?

आणि जिथं कहाणी खरोखरच करुण आहे, तिथंही कान बंद करायचं कारण नाही. पावेल हास हा चेक संगीतकार नाझींच्या तेरेझीन इथल्या छळछावणीत होता. तिथं १९४४मध्ये त्यानं चिनी कवितांच्या चेक अनुवादांवर चार गाणी लिहिली, कारेल बेर्मान या कैदी गायकासाठी. घरापासून दूर पडलेल्या माणसाच्या कविता. पियानोत चार स्वरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो. तो चेक लोकांच्या ओळखीच्या संत वाक्लावच्या स्तोत्राची आठवण देतो. शब्दांत मायदेशाचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून ते पियानोत ठेवलं, असं ऐकताना वाटतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हासला आउश्वित्झला मारलं. बेर्मान वाचला आणि युद्धानंतरही ती गाणी गात राहिला. इथं काळानं कोणती परीक्षा घेतली, सांगा.

फ्लॉरेन्स प्राइसचं उदाहरण तर अलीकडचं. ही कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार १९५३मध्ये वारली. शंभरेक गाणी तिच्या नावावर, मॅरियन अँडरसनसारखी गायिका तिच्या रचना गायची. २००९मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांची खोकी सापडली. छपराला भोक पडलं होतं. पाऊस दुसऱ्या कोपऱ्यात पडला म्हणून कागद वाचले. दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि चौथी सिम्फनी त्यात निघाली.

‘आधी शूबर्ट संपवा’ या मुद्द्याला फार वेळ देत नाही. शूबर्ट स्वतः पोरवयात झुमश्टेग या आधीच्या जर्मन संगीतकाराच्या चाली समोर ठेवून लिहायला शिकला. त्यालाही कमी प्रसिद्ध माणसं लागली.

राहिलं ‘मिळत नाही, कळत नाही’. हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खरं होतं. निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराची शंभरावर गाणी. तो लंडनमध्ये हलाखीत असताना म्हैसूरच्या जयचामराजेंद्र वोडेयर महाराजांनी पैसा पुरवला, म्हणून त्याच्या रचनांचं ध्वनिमुद्रण झालं. त्यातली काही गाणी १९५०मध्ये एलिझाबेथ श्वार्झकॉफ या गायिकेनं गायली, पियानोवर स्वतः मेट्नर. आज ऐकायला महाराजा लागत नाही. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर हक्कमुक्त नोटेशन मोफत मिळतं, लीडरनेट या संकेतस्थळावर कवितांचे मूळ शब्द आणि अनुवाद. लीडरनेटचा खरा उपयोग वेगळाच आहे: आवडती कविता उघडा, तिला कुणाकुणाच्या चाली आहेत त्याची यादी खाली असते. संगीतकाराऐवजी कवितेचं बोट धरलं की अनोळखी नावं आपोआप समोर येतात, आणि शब्दांचा अर्थ एकदाच वाचावा लागतो.

सुरुवातीला गटेची ‘नुअर वेअर दी झेनझूख्ट केंट’ ही कविता घ्या. शूबर्ट, वोल्फ, रशियन भाषांतरातून चायकोव्स्की, सगळे भेटतील. एकट्या बेथोव्हेनच्याच चार चाली आहेत. हस्तलिखितावर त्यानं लिहून ठेवलंय, की एक चांगली करायला वेळ मिळाला नाही, म्हणून हे अनेक प्रयत्न. मग त्यानं चारही छापायला दिल्या.