लिव्हरला रबर बांधून झोपण्याआधी

आमच्या बेळगावातल्या बाइकवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक निरोप फिरून फिरून येतो. मथळा, ‘ब्रेकची एअर घरीच काढा, फुकटात’. खाली पाच कलमं, ती थोडक्यात अशी. ब्रेक मऊ लागला म्हणजे एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपात हवा, शिरली; लिव्हर रात्रभर रबराने हँडलला आवळून ठेवा, सकाळी घट्ट. डबीत ब्रेक ऑइल कमी दिसलं तर वरून भरा, बदलायची गरज नाही. डॉटचा, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दर्जाचा, नंबर जेवढा मोठा तेवढं ऑइल भारी, आणि अडलंच तर थोडं इंजिन ऑइलही चालतं. निप्पल, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू, उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत धडाधड पंप मारा. क्लचलाही हेच सगळं.

घरी एअर काढता येत नाही असं मी म्हणत नाही. मी स्वतः अंगणात काढतो. माझ्या गाडीला आठ नंबरचा रिंग पाना लागतो. त्याशिवाय हातभर पारदर्शक नळी, एक बाटली आणि डॉट 4 चा सीलबंद डबा एवढं पुरतं. माझं भांडण पहिल्याच वाक्याशी आहे. मऊ ब्रेक म्हणजे एअर, हे कुणी ठरवलं?

कणकुंबी ओलांडून चोर्ला घाट उतरत होतो. नवखा होतो, घाटभर मागच्या ब्रेकवर पाय ठेवूनच चाललो होतो. केरीच्या अलीकडे एका वळणावर पेडल दाबलं ते सरळ खाली गेलं, पायाला काही लागलंच नाही. पुढच्या ब्रेकवर आणि गिअरवर गाडी कशीबशी कडेला घेतली. पाणी प्यायला बाटली उघडली, त्यातला एक थेंब डिस्कवर पडला तर तापल्या तव्यावर पडावा तसा चर्र करून उडाला. अर्ध्या तासाने पेडल परत जागेवर, जसं काही झालंच नाही.

परत आल्यावर मीही ‘एअर आलीय’ म्हणतच शहापुरातल्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी मागच्या कॅलिपरमधून, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातून, थोडं ऑइल नळीत काढलं आणि उजेडात धरलं. कोऱ्या चहाचा रंग. मामांनी मान हलवली. “गाळी अल्ल, नीरु.” हवा नाही, पाणी.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, रबरी पाइपातूनसुद्धा. डबी बंद असली तरी हे हळूहळू चालूच असतं, आणि आमच्या खानापूर-जांबोटीकडचा पावसाळा कसा असतो ते सांगायला नको. नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच दंडक 155 अंशांवर येतो. घाटात कॅलिपर तापला की असलं मुरलेलं ऑइल उकळतं आणि त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा सगळा जोर वाफ चेपण्यात जातो, पॅडपर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफ विरते आणि ब्रेक पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

म्हणजे आधी लक्षण बघायचं. तापल्यावरच मऊ आणि गार झाल्यावर ठीक, तर ऑइल म्हातारं झालंय. गार गाडीवर पहिल्या दाबापासून मऊ, पण दोन-तीन पंप मारल्यावर घट्ट, तर बहुतेक एअर. दाबून धरल्यावर लिव्हर सावकाश हँडलकडे सरकत गेला, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हरजवळच्या ऑइल दाबणाऱ्या पंपाचं, सील गेलंय किंवा कुठेतरी गळतंय. तिथे कितीही एअर काढा, उपयोग शून्य.

यातच वरून ऑइल भरायच्या दुसऱ्या कलमाचाही निकाल लागतो. ऑइल दोन वर्षांनी बदला असं बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. आणि डबीतली पातळी का उतरली? पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागे ऑइल जातं. न बघता वरून भरलंत, तर नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलल्यावर तेच ऑइल डबीतून उतू जाऊन टाकीवर येणार. ब्रेक ऑइल रंग खातं. माझ्या टाकीवर अजून आठ आण्याएवढा डाग आहे. सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

रबराची युक्ती मात्र निव्वळ थाप नाही. मास्टर सिलिंडरच्या आसपास बारीक बुडबुडे अडकले असतील तर रात्रभर दाब राहिल्याने ते कधी कधी सुटतात आणि सकाळी लिव्हर सोडला की वर डबीत निघून जातात. गाडी साइड स्टँडवर, हँडल डावीकडे वळवून ठेवलं तर आणखी बरं, कारण मग पुढच्या ब्रेकची डबी सगळ्यात उंच राहते. पण खाली कॅलिपरमध्ये बसलेली हवा रबराने वर येत नाही. ती निप्पलमधूनच काढावी लागते.

डॉटच्या नंबराचं कलम वाचून मला खरी भीती वाटते. डॉट 3, 4 आणि 5.1 हे एका कुळातले, ग्लायकॉलवाले. डॉट 5 हे सिलिकॉनचं. ते यांच्यात मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचंच नाही. 5 आणि 5.1 मध्ये फरक फक्त एका टिंबाचा दिसतो, पण जात वेगळी आहे. डबीच्या झाकणावर जे कोरलंय तेच घाला. इंजिन ऑइलचं तर नावच काढू नका. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं, पिस्टन अडकतात, आणि मग सगळी सीलं बदलण्यावाचून इलाज राहत नाही. कॅलिपरचे सुटे भाग पेट्रोलने धुवायची आपल्याकडची सवयही त्याच पंगतीतली.

आता पंप मारणं. निप्पल उघडं ठेवून लिव्हर सोडला की बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते. नळीचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असलं तरी निप्पलच्या आट्यांतून हवा शिरतेच. क्रम असा: नळी लावा, लिव्हर हळू दोन-तीनदा दाबून धरून ठेवा, निप्पल पाव आटा सोडा, लिव्हर खाली येऊ द्या, निप्पल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका. एकदा ते संपलं की नवी हवा आत आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. जुन्या गाडीला लिव्हर पार हँडलला टेकवू नका, मध्ये लाकडाचा तुकडा धरा. सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज जात नाही तिथे गंज-घाण साठलेली असते, तिच्यावर ते फाटतं. निप्पल आवळतानाही दंड दाखवू नका, ते आतून पोकळ असतं.

एबीएसच्या गाडीत नुसतं ऑइल बदलायचं तर बहुधा याच क्रमाने जमतं. मात्र मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे एबीएसच्या दाब सांभाळणाऱ्या भागात, हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांना सर्व्हिस सेंटरचं स्कॅनर लागतं. तिथे हट्ट करू नये.

क्लचचं काय? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना क्लच केबलचा असतो. ‘बुलेटच्या क्लचचं निप्पल कुठंय’ असं एकाने ग्रुपवर खरंच विचारलं होतं. काही मोठ्या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लच असतो, आणि त्यातल्या काहींत डॉट नव्हे तर खनिज तेलच घालायचं असतं. म्हणजे ब्रेकला जे विष तेच इथे औषध, आणि उलटही. झाकण वाचा.

गेल्या आठवड्यात खानापूरहून मावसभावाचा फोन आला. “दादा, तीन रात्री रबर बांधलं की, अजून मऊच हाय बघ.” जाऊन बघितलं. हँडल बदलताना कुणीतरी ब्रेकचा पाइप सोडला होता आणि जोडताना जुनेच तांब्याचे वायसर परत लावले होते. बोल्टभोवती बोटाला ओलसर लागत होतं. दोन नवे वायसर घातले, एअर काढली, लिव्हर दगडासारखा झाला. रबर अजून हँडलवर लोंबत होतं, ते त्याने काढून जेवणाच्या डब्याला लावलं.