न संपणारी आगोट

ज्यांना घरातील वस्तूंशी निकोप संबंध राखायचे आहेत, त्यांनी प्रथम आपल्या कोकणी पूर्वजांची एक मोठी चूक समजून घ्यावी. पावसाळ्याआधी आगोट भरण्याची चाल किनारपट्टीवर जुनी आहे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. समुद्र खवळलेला, होड्या शाकारून काठावर ओढलेल्या, वहाळांना पूर आणि बाजाराची वाट बंद, अशा दिवसांसाठी वैशाखातच सुकी मासळी, कुळीथ, कांदे, आमसुले, सांडगे, फणसपोळी आणि वाळकी लाकडे घरात येऊन पडत. इथवर त्या मंडळींचे वागणे आदर्श होते. परंतु साठवलेले ते खाऊन टाकीत. गणपती येईपर्यंत डबे खडखडू लागत, कणगीत हात घातला की तळ लागे आणि घरात चालायला जागा होई. एवढा उधळेपणा आपल्याला परवडणारा नाही. आगोट आपण बारा महिने भरावी, मात्र ती कधी संपेल अशी वस्तूच तिच्यात घेऊ नये.

यासाठी आइस्क्रीमचे रिकामे डबे, कुलपे हरवलेल्या किल्ल्या, एका पायातली चप्पल आणि कोणत्या यंत्राची होती हे कोणालाच आठवत नाही अशी वायर उपयुक्त ठरते. कोणी टाकायला निघालेच, तर ‘असू दे हो, लागेल’ एवढेच म्हणावे. कधी लागेल, हे विचारण्याचा उद्धटपणा चांगल्या घरांत कोणी करीत नाही.

माळ्याचा उपयोगही नीट समजून घ्यायला हवा. पूर्वी तिथे नारळ, पेंढा आणि सरपण ठेवीत, म्हणजे पुन्हा संपणाऱ्याच वस्तू. आता मुंबईच्या खोलीत न मावणारे सारे काही गावच्या घरी पाठवावे आणि त्याला गावाची ओढ म्हणावे. आमच्या पडवीत असा एक फ्रीज आला आहे. तो चालत नाही; त्यामुळे कपाट म्हणून आम्ही तो वापरतो आणि त्याच्याआधी आलेल्या, तितक्याच बंद असलेल्या फ्रीजचे ट्रे त्यात ठेवतो.

खाऱ्या हवेला मात्र मालकीहक्काची फारशी कदर नाही. ती लोखंडाला गंज चढवते आणि पितळ हिरवे पाडते. सोफ्यावरचे प्लास्टिक तुम्ही जपणुकीसाठी काढले नसेल, तर पावसाळ्यात त्याखाली ओल कोंडून उत्तम बुरशी धरते. म्हणून हंडे, घागरी आणि बंब वर्षातून निदान तीनदा चिंच लावून घासावेत. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो आणि कथील-नवसागर घेऊन दारावर येणारा कल्हईवाला आता दिसत नाही, तेव्हा त्या भांड्यांत शिजवण्याचा प्रश्नच उरत नाही. घासण्याचा तेवढा उरतो. आजवर मी ती शेकडो वेळा घासली असतील, त्यांनी माझे काहीही घासलेले नाही.

संकटकाळासाठी वस्तूंचा क्रम आधीच ठरवून ठेवलेला बरा. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझ्या आतेबहिणीकडे सर्वांत आधी वरच्या मजल्यावर गेला तो सोफा. सासूबाई मागाहून आपल्या पायांनी गेल्या, कारण त्यांना चालता येते, सोफ्याला येत नाही.

अपरिग्रहाचा उपदेश करणारे भेटले, तर त्यांच्याशी वाद घालू नये. विनोबा भावे 1895 साली रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याला जन्मले हे खरे. पण ते लहानपणीच बडोद्याला गेले, त्यामुळे माळ्याचे संस्कार अपुरे राहिले असावेत.

आमच्यावर ते पुरेपूर झाले आहेत. लग्नात आहेर आलेला 51 नगांचा काचेचा डिनर सेट आम्ही मे 1996 च्या वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. गेल्या गणपतीत पाने बरीच पडणार म्हणून तो खाली काढला. मोठ्या ताटावरच्या कागदावर वाजपेयींच्या शपथविधीची बातमी होती. ते सरकार 13 दिवसांत गेले, सेटचा एक टवकाही उडालेला नाही. कपाच्या कडेची सोनेरी रेघ पुसून पाहिली, तीही तशीच होती. एवढी जपलेली वस्तू चाळीस माणसांच्या हाती द्यायची कशी, म्हणून परसातली केळीची पाने कापून आणली आणि पंगत उठल्यावर सेट ताज्या वर्तमानपत्रांत बांधून पुन्हा वर चढवला. आता फक्त ते जुने कागद खाली राहिले आहेत. त्यांची घडी घालून एका आइस्क्रीमच्या डब्यात ठेवावी असे मी म्हणतो. डबा लहान पडेल, फ्रीजमध्ये ठेवू, असे हिचे म्हणणे आहे.