सिमेंटची मैदानं मुलांसाठी नव्हतीच, म्हणे!

युरोपातल्या जुन्या वसाहतींमधल्या काँक्रीटच्या खेळण्यांचे काळेपांढरे फोटो आणि खाली ठरलेला मजकूर: महायुद्धानंतर आर्किटेक्टांनी आपली हौस भागवली, मुलांचा विचार केलाच नाही, धोकादायक निघाली म्हणून पाडली, आता ती जपायचं खूळ कशाला?

‘मुलांचा विचार नव्हता’ हे तर साफ चूक. ॲमस्टरडॅममध्ये १९४७ साली बर्टेलमनप्लेन या चौकात डच आर्किटेक्ट आल्डो व्हान आइकने मुलांसाठी पहिलं मैदान केलं, तेव्हा तो महापालिकेत नोकरीला होता. वाळूचा हौद, आत चार गोल दगड, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, कडेने झाडं आणि बाक. हौदाचा काँक्रीटचा कठडा मुद्दाम रुंद: पोरांनी त्यावर वाळूचे लाडू मांडावेत, आईने तिथेच टेकावं. हत्ती-घोड्यांचे आकार त्याने टाळले. नुसती चढायची कमान असली की ती आज घर, उद्या डोंगर. मग ‘आमच्याकडेही करा’ अशी रहिवाशांची पत्रं पालिकेकडे येऊ लागली आणि १९७८ पर्यंत, पश्चिमेच्या नव्या वसाहती धरून, ७०० हून जास्त मैदानं झाली. लोक कुणाच्या हौसेसाठी पत्रं लिहीत नाहीत.

दोष काढायचाच तर नेमका काढा. उड्या मारायचे दगड त्याने समान अंतरावर बसवले होते. नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांनाच दगड मांडायला दिले, तर मुलांनी अंतरं कमीजास्त ठेवली. ही टीका मला पटते.

‘धोकादायक म्हणून पाडली’ हे अर्धसत्य. नव्वदच्या दशकातल्या सुरक्षा नियमांपायी बरंच काढून टाकलं गेलं, कबूल. पण कितीतरी मैदानं मुळातच मोकळ्या पडलेल्या प्लॉटवर तात्पुरती केलेली होती; इमारती आल्या, मैदानं गेली. काही ठिकाणी मोटारींना जागा हवी होती. आणि काँक्रीटवर आपटलं की लागतं, हे कोण नाकारतंय? लंडनच्या चर्चिल गार्डन्स वसाहतीतली मुलांनी खेळायची काँक्रीटची तबकडी २०१५ साली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या प्रदर्शनात पुन्हा उभी केली, ती फोमची. मूळ तबकडी उरलीच नव्हती, जुन्या फोटोंवरून आकार काढावा लागला.

‘जपण्यात अर्थ नाही’ म्हणणाऱ्यांनी लंडनचीच ब्रुनेल इस्टेट ही वसाहत पाहावी. लँडस्केप आर्किटेक्ट मायकेल ब्राउनने आखलेल्या तिथल्या विटांच्या घसरगुंडीला २०२० मध्ये वारसा म्हणून संरक्षण मिळालं, आहे त्या जागी. ॲमस्टरडॅममध्ये व्हान आइकची काही खेळणी राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाच्या बागेत नेलीत. भंगारात जाण्यापेक्षा बरं, इतकंच. कमान उचलून नेता येते. घराच्या खिडकीतून दिसणारा हौद, त्याच्या बाजूची झाडं, कुंपणाशिवाय रस्त्याला लागून असणं, ही मांडणी नेता येत नाही, आणि खरं डिझाइन तेच होतं. तेव्हा शिल्लक आहेत ती जागेवरच ठेवा, खाली पडायला मऊ काहीतरी घाला आणि वाळू वेळच्या वेळी बदला.