जुन्या डेस्कटॉपवर फास्ट ऑडिओ इंटरफेस चालत नाही म्हणे

होम स्टुडिओवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की डेस्कटॉप दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर युएसबी 3 किंवा थंडरबोल्टचा (हा उपकरणं जोडायचा दुसरा एक फास्ट पोर्ट) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा, घेऊच नका, जुन्या पोर्टचा स्पीड पुरत नाही, त्यामुळे आवाज उशिरा येतो, नवीन पोर्टचं कार्ड टाकूनही फरक पडत नाही, सरळ नवीन मशीन घ्या. माझं मशीन सेकंड जनरेशन आय5 प्रोसेसर आणि एच61 चिपसेटचा जुना मदरबोर्ड, बोर्डवर युएसबी 3 नाहीच, आणि त्याच्यावर मी गेली काही वर्षं भजनं रेकॉर्ड करतोय, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

स्पीडचं आधी. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) एक चॅनल सेकंदाला 1.15 मेगाबिट खातो. गाणारा, पेटी आणि तबला-डग्ग्याला दोन माइक, चौघांचे मिळून पाच मेगाबिटसुद्धा होत नाहीत. युएसबी 2 ची लाइन 480 मेगाबिटची, त्यातली प्रत्यक्षात निम्मी मिळते धरा. अगदी 96 किलोहर्ट्झला आठ चॅनल आत आणि आठ बाहेर घेतले तरी 37 मेगाबिटच्या आसपास. गंमत म्हणजे टाइप-सी पोर्ट दिसला की लोक त्याला युएसबी 3 समजतात, पण फोकसराइट कंपनीच्या थर्ड जनरेशन स्कार्लेट इंटरफेसला टाइप-सी असूनही आतून ते युएसबी 2 च आहे. खरंच जास्त स्पीड लागतो तो एकदम खूपच जास्त चॅनल न्यायचे असतील तिथे. अपोलो ट्विन युएसबी या इंटरफेसलाही युएसबी 3 च लागतं, तिथे जुना पोर्ट पुरत नाही हे मेसेजचं म्हणणं बरोबर.

आता उशीर. तो पोर्टमुळे नाही, मुख्यतः बफरमुळे (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवला जाणारा तुकडा) होतो. 128 सॅम्पलचा बफर म्हणजे 48 किलोहर्ट्झला 2.7 मिलिसेकंद, 512 चा म्हणजे 10.7, हे गणित नवीन मशीनवरही तेच (वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा थोडा वेळ धरा). जुना प्रोसेसर 128 वर चार-पाच रिव्हर्ब (आवाज घुमवणारे प्लगइन) लावले की धापा टाकतो हे मात्र खरं, म्हणून मी रेकॉर्डिंग 128 वर प्लगइन बंद ठेवून करतो आणि मिक्सला 512 वर जातो.

मलाही सुरुवातीला तबल्याच्या टेकमध्ये मधेच टक्, टक् असे आवाज यायचे. इंटरफेस खराब म्हणून शिव्या घातल्या, केबल बदलली, काही नाही. शेवटी लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर अडथळा आणतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघितलं तर वायफाय कार्डचा ड्रायव्हर मधेमधे सगळं अडवून धरत होता. वायफाय डिसेबल केलं, आवाज गायब. दुसरी भानगड पॉवरची. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावून 48 व्होल्टचं (कंडेन्सर माइकला वीज देणारं) बटण दाबलं की इंटरफेसचा लाइट मिचमिचायचा आणि डिस्कनेक्ट. युएसबी 2 पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँप देतो, युएसबी 3 900, आणि पुढचा पोर्ट तर आतून बारीक वायरने आलेला. मागे बोर्डवरच्या पोर्टला लावला, प्रश्न संपला.

कार्ड टाकून काही होत नाही हे तर साफ चूक. माझ्याच बोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये युएसबी 3 चं कार्ड आहे, विंडोज 10 ला ड्रायव्हरही वेगळा लागला नाही. फक्त कार्डाला एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर जोडायला विसरू नका, आणि चार पोर्ट एकाच लेनवर असतात, म्हणजे स्पीड वाटून घेतात, म्हणून एक्स्टर्नल हार्डडिस्क शेजारच्या पोर्टला नको.

थंडरबोल्टचं मात्र मेसेजवाल्याचं बरोबर आहे, फक्त त्याने दिलेलं कारण चुकीचं. स्पीडचा विषयच नाही. थंडरबोल्टच्या वायरीतून पीसीआय एक्स्प्रेसच जातं, त्यामुळे त्याच्या कार्डाला मदरबोर्डवर खास पिनांचा हेडर (जोडणीची जागा) आणि बायोसची, म्हणजे बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरची, साथ लागते, एच61 सारख्या बोर्डावर दोन्ही नाही. टाइप-सीचं तोंड सारखं दिसतं म्हणून स्वस्तात सेकंडहँड थंडरबोल्ट इंटरफेस उचलून साधा युएसबीचा कन्व्हर्टर लावला तर तो डिटेक्टसुद्धा होणार नाही. 2011 च्या आयमॅकसारखं थंडरबोल्ट असलेलं जुनं मॅक असेल तर अॅपलच्या अडॅप्टरने जोडता येतं, पण तो अडॅप्टर पॉवर देत नाही, आणि ड्रायव्हर त्या जुन्या मॅकओएसला चालतो का ते आधी बघा.

माझ्याकडे आता एकच कटकट उरलीय, वायफाय बंद असल्याने नेटला लॅनची वायर स्वयंपाकघरातून ओढलीय आणि आई रोज तिच्यात अडखळते.